मशीन कोणतंही घ्या, फाईल कुणाची?

९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटानं सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर घेतले. संकलक यांग जिन-मो यांनाही त्या वर्षी नामांकन होतं. त्यांनी हा चित्रपट फायनल कट प्रो ७ या मॅकवरच्या संकलन सॉफ्टवेअरवर कापला. ॲपलनं ही आवृत्ती २००९ मध्ये काढली आणि २०११ मध्ये बंद केली होती. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या सॉफ्टवेअरवर जगातला त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला चित्रपट आकाराला आला.

मॅकवाल्यांनो, टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. यांग जुन्याला चिकटून राहिले, ते ॲपलमुळेच. जून २०११ मध्ये ॲपलनं फायनल कट प्रो एक्स आणलं. त्यात जुन्या आवृत्तीतले प्रकल्प उघडत नव्हते. एकाच प्रसंगाचे अनेक कॅमेऱ्यांचे तुकडे एकत्र लावून कापायची सोय, जी व्यावसायिक संकलकाला रोज लागते, ती नव्हती. आणि जुनी आवृत्ती विक्रीतूनच काढून टाकलेली. वर्षानुवर्षांचं काम ज्यांनी या सॉफ्टवेअरवर रचलं होतं, त्यांना एका सकाळी कळलं की पुढचा रस्ता बंद आहे. कित्येक जण प्रतिस्पर्धी प्रीमियरकडे गेले, कित्येक ॲव्हिडकडे परतले. ॲपलनं नंतर उणिवा भरून काढल्या, पण गेलेले बरेचसे परत आले नाहीत. यांग यांनी मात्र जुनं सोडलं नाही. २०१७ च्या हाय सिएरापासून पुढच्या कुठल्याही मॅकओएसवर फायनल कट प्रो ७ सुरूच होत नाही. त्यामुळे ज्याला ते वापरायचं, त्यानं आपलं मशीन मागे, जुन्या सिस्टिमवर धरून ठेवायचं. त्या चित्रपटाला भरवसा दिला तो अपडेटचं बटण न दाबणाऱ्या माणसानं.

दर जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत तोच प्रश्न घरोघरी निघतो. मुलगी ॲनिमेशनला चालली आहे, मुलगा साउंडला. मॅक घ्यायचा की विंडोज? कुणीतरी लिनक्सचं नावही घेतं. मग जो तो आपल्या कंपनीची आरती म्हणतो. ‘मॅक हँग होत नाही.’ ‘विंडोजवर सगळं चालतं.’ ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही.’ तिन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत, आणि तिन्हींमधून पैसे घालणाऱ्या पालकाला काही कळत नाही. मशीन अडकण्यापुरतं बोलायचं तर आज तिन्ही व्यवस्था रोजच्या कामात क्वचितच अडकतात. विचारायला हवे ते प्रश्न दुसरेच आहेत. माझं काम कधी थांबणार हे कोण ठरवतं? आणि दहा वर्षांनी माझी फाईल उघडेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. भारतात सकाळचे पावणेदहा वाजत होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाईल जगभर पाठवली. ती वाचणारा भाग २० रकान्यांची अपेक्षा करत होता, फाईलमध्ये २१ होते. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं. तिथली एक चूक अख्खी सिस्टिम खाली आणते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली. कंपनीनं ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली. पण अडकलेल्या मशीनचं काय? त्याच्यापाशी माणसानं जायचं, सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ती फाईल हातानं पुसायची. डिस्कला कुलूप असेल तर त्याची लांबलचक किल्ली शोधायची. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. एकाही प्रवाशानं, एकाही काउंटरवरच्या कर्मचाऱ्यानं काहीही दाबलं नव्हतं. दुसऱ्या देशातल्या कंपनीनं परवानगी न विचारता बदल केला आणि इथली रांग थांबली.

त्या दिवशी मॅक आणि लिनक्स सुरू होते, हे खरं. पण त्यावरून ‘मॅक सुरक्षित’ असा निकाल लावणाऱ्यांनी १२ नोव्हेंबर २०२० आठवावा. बिग सर ही नवी सिस्टिम त्या दिवशी बाजारात आली आणि जगभरच्या मॅकवर साधी ॲप उघडायलाही मिनिटं लागू लागली. नवी सिस्टिम न घेतलेल्यांनाही तो फटका बसला. कारण मॅक एखादं ॲप सुरू करताना त्याचं प्रमाणपत्र रद्द झालेलं नाही ना, हे ॲपलच्या सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर त्या दिवशी दमला होता. इंटरनेटची तार काढली की मॅक पुन्हा सुरळीत चाले! आपल्या टेबलावरचं, आपल्या पैशाचं मशीन दुसऱ्याच्या सर्व्हरची वाट बघत बसलं.

मॅकबद्दल आणखी तीन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण कलावंतांचं मशीन म्हणून तो विकला जातो. जुलै २००२ मध्ये ॲपलनं एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली. संगीतकारांचं आवडतं लॉजिक हे सॉफ्टवेअर तिचं. ते तेव्हा विंडोजवरही चालत असे. सप्टेंबरअखेर विंडोजची आवृत्ती बंद. ज्यांच्या रचना त्यात होत्या, त्यांनी एकतर मॅक घ्यावा किंवा दुसरं काही शिकावं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकची नवी सिस्टिम आली आणि ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर एका अपडेटमध्ये बाद झाली. पैसे देऊन घेतलेले जुने प्लगइन, अडोबीच्या जुन्या आवृत्त्या, सगळं गेलं. २०१५ पासूनचा बटरफ्लाय कीबोर्ड तर धुळीच्या कणानंही अडायचा. ॲपलनं तो चार-पाच वर्षं रेटला आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड केली. लेखकाच्या मशीनचा कीबोर्ड अडतो, याला मी तरी किरकोळ दोष म्हणणार नाही.

जुनी सॉफ्टवेअर टिकवण्याच्या बाबतीत विंडोजचं पुण्य मोठं आहे आणि ते मान्य करायला हवं. जुनं चालवण्याची मायक्रोसॉफ्टची जिद्द जुनी आहे. ‘सिमसिटी’ या खेळात स्मृती वापरण्याची एक चूक होती. जुन्या डॉसवर ती खपून जाई, नव्या विंडोज ९५ वर खेळ कोसळला असता. तेव्हा विंडोजच्या मंडळींनी आपल्या सिस्टिममध्येच तो खेळ ओळखून त्याला सांभाळून घेणारी तजवीज घातल्याचं सांगितलं जातं. चूक खेळाची, दुरुस्ती विंडोजची. ही वृत्ती असल्यामुळेच २० वर्षांपूर्वीचा हिशेबाचा किंवा पत्रिका मांडायचा प्रोग्राम आजही अनेक ठिकाणी चालतो.

पण त्याच कंपनीनं २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं अपडेट सोडलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरमधल्या फाईली पुसल्या गेल्या. चाचणी करणाऱ्या हौशी वापरकर्त्यांनी हे आधीच कळवलं होतं, ते कुणी वाचलं नाही. चार दिवसांत अपडेट थांबवावं लागलं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचाच प्रोसेसर चालतो. त्याआधीची धडधाकट मशीन, ज्यांच्यावर शाळा, ग्रामपंचायती, छापखाने चालतात, कागदोपत्री म्हातारी ठरली. चालतं मशीन निकामी ठरवणं हा भरवसा नव्हे.

लिनक्सची बाजू थोडक्यात उरकतो, कारण तिथं भांडण कमी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. लंडन स्टॉक एक्सचेंजची ट्रेडइलेक्ट ही व्यवस्था विंडोज आणि डॉटनेटवर बांधलेली होती. ८ सप्टेंबर २००८ ला, अमेरिकी सरकारनं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या कंपन्या ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ऐन गर्दीत ती सुमारे सात तास बंद पडली. एक्सचेंजनं फेब्रुवारी २०११ मध्ये लिनक्सवरच्या नव्या व्यवस्थेवर उडी घेतली. त्याच महिन्यात, २५ तारखेला, नव्या व्यवस्थेतही व्यवहार चार तासांहून अधिक काळ थांबले! लिनक्सच्या भक्तांनी ही दोन्ही वर्षं सोबत पाठ करावीत.

लिनक्ससारख्या मोकळ्या सॉफ्टवेअरचं खरं बळ मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड नावाच्या फाईल दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच खटकलं. तो खोदत गेला आणि चोरदरवाजा सापडला. खोदता आलं, कारण सगळं समोर उघडं होतं. हा अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर, हेही जाता जाता.

मग चित्रकार, डिझायनर लिनक्सवर का जात नाहीत? फोटोशॉप नाही, इलस्ट्रेटर नाही, कोरल नाही म्हणून. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलली आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. हे सोपं नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मात्र ते वर्षानुवर्षं निभावून दाखवलं, आणि महाराष्ट्रानं तिकडे एकदा नीट जाऊन बघायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरा प्रश्न: दहा वर्षांनी फाईल उघडेल का? हा आपला, मराठी माणसाचा, सर्वांत दुखरा प्रश्न आहे.

१९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली. पेजमेकर, कोरल, आणि सोबत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम. खिळे जुळवणाऱ्या पिढीनंतर डीटीपी ऑपरेटरांची पिढी उभी राहिली. त्यांनी मराठी प्रकाशनाची ३० वर्षं अक्षरशः पाठीवर वाहिली. या साधनांनी मराठी पडद्यावर आणली, ते ऋण मोठं आहे. पण ती आणली कशी? इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे आकार बसवून. फाईलमध्ये साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या कंपनीचा फॉन्ट लावला की डोळ्यांना मराठी दिसतं. फॉन्ट काढला की कचरा. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ‘क’ ज्या घरात, दुसरीच्या फॉन्टमध्ये तिथं भलतंच काही. आणि अनेक पॅकेजना डोंगल (परवाना तपासणारं छोटं उपकरण) लागायचं: आधी प्रिंटरच्या पोर्टला, नंतर यूएसबीला. प्रिंटरचं ते पोर्ट नव्या मशीनवर कधीचंच दिसेनासं झालं. डोंगल गेलं की पुस्तक गेलं.

म्हणून पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात, नागपुरात आजही असे छापखाने आहेत जिथं कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचं मशीन इंटरनेट न लावता जपून ठेवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपवला. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती २००१ ची. यांग जिन-मो यांनी स्वतःच्या पसंतीनं जुनं मशीन धरून ठेवलं. आपल्या ऑपरेटरला दुसरा मार्गच नाही, कारण त्या मशीनमध्ये एखाद्या प्रकाशनाची २०-२५ वर्षं बंद आहेत. त्याची हार्ड डिस्क ज्या दिवशी कुरकुरेल, त्या दिवशी नुसती पुस्तकांची मांडणी जाणार नाही. शोधता येईल, पुन्हा जुळवता येईल, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येईल असा मजकूरच जाईल. छापील प्रत उरेल, तीही वाळवीच्या मर्जीवर.

त्यात भर म्हणून ‘कर्व्ह करून द्या’ ही छापखान्याची नेहमीची मागणी. फॉन्ट नसला तरी बिघडू नये म्हणून मजकुराचे आकार करायचे. त्या क्षणापुरता उपाय नामी आहे. पण कर्व्ह केलेला मजकूर हे चित्र असतं. त्यात एक वेलांटी सुधारता येत नाही. मूळ फाईल बाजूला जपली नसेल तर पुढच्या आवृत्तीला सगळं पुन्हा टाईप करायचं.

याला दोष मॅकचा नाही, विंडोजचा नाही, लिनक्सचा तर नाहीच. देवनागरी युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेताच्या, पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीपासून आहे. विंडोजवरच्या मंगल फॉन्टमागे र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी सुलेखनकाराचा हात आहे. मॅकवर कोहिनूर देवनागरी आहे, लिनक्सवर लोहित. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर तिन्हींवर उघडतो, फोनवर उघडतो, उद्याच्या अजून न बनलेल्या मशीनवरही उघडण्याची शक्यता सर्वांत जास्त. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही, ही अडचण खरी होती. इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्या नीट बसायला २०१२ उजाडलं, हेही खरं. पण त्यालाही आता दशक उलटून गेलं. आजही नवी पुस्तकं जुन्या फॉन्टमध्ये लावली जातात, तेव्हा आपण नवं काम जाणूनबुजून कुलपात घालतो आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवतो.

जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणायची साधनं आहेत. त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमानं साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. म्हणजे नुसती घरं बदलून भागत नाही, अक्षरांची जागा हलवावी लागते, आणि ‘वर्षिणी’सारख्या शब्दात रफार आणि वेलांटी एकत्र आले की साधन हमखास गोंधळतं. ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र तर मराठीची खास डोकेदुखी. रूपांतरानंतर प्रूफ वाचणारा माणूस लागतोच. त्याला पैसे द्यायला हवेत. एवढाच खर्च आहे, आणि पुस्तक पुन्हा टाईप करण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे.

भाड्याच्या सॉफ्टवेअरचा मुद्दा याच्याच शेजारचा. अडोबीनं मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. वर्गणी थांबली की स्वतःचं पान स्वतःला उघडता येत नाही. हे मॅकवरही तसंच आणि विंडोजवरही. याच्या उलट टोकाला ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आहे. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून ते मोकळं करून घेतलं. २०२५ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ याच ब्लेंडरवर तयार झाला. ब्लेंडर तिन्ही व्यवस्थांवर चालतं, फुकट मिळतं, आणि त्याची फाईल उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. ॲनिमेशनला चाललेल्या मुलीच्या पालकांनी लाखभराच्या मशीनची चौकशी करण्याआधी तिला हे शिकायला सांगावं.

आता निकाल विचारलात तर सरळ सांगतो. ध्वनिमुद्रण आणि संगीत करायचं असेल, पैसे असतील, तर मॅक. त्याची आवाजाची यंत्रणा सिस्टिममध्येच पक्की बसवलेली आहे, विंडोजवर त्यासाठी सहसा बाहेरचा एएसआयओ ड्रायव्हर लागतो. २०२० च्या एम१ चिपपासून मशीन गार आणि शांतही राहतं, जे माइकसमोर महत्त्वाचं. छापखाना, टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, सरकारी कामं असतील तर विंडोज, दुसरा विचार नको. प्रोग्रामिंग, संशोधन, सर्व्हर, आणि विंडोज १० चं ते अजून धडधाकट मशीन पुन्हा कामाला लावायचं असेल तर लिनक्स. तिन्हींवर अपडेट आलं की आठवडाभर थांबा, आणि हातात घेतलेलं काम पूर्ण होईपर्यंत मोठ्या आवृत्तीला हात लावू नका. कामाची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

प्रकाशकांनो, दिवाळी अंकांच्या संपादकांनो, यंदाच्या अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये लावा आणि छपाईनंतर त्याची मूळ फाईल जपा. जुन्या अंकांपैकी निदान एका वर्षाचे अंक यंदा रूपांतरित करून घ्या. डीटीपी ऑपरेटरला त्या कामाचे वेगळे पैसे द्या, तो फुकटात करणार नाही आणि त्यानं करूही नये. आणि लेखकांनो, करारावर सही करताना एक ओळ घालून घ्या: पुस्तक छापून झाल्यावर अंतिम मजकूर युनिकोड फाईलमध्ये लेखकाला मिळेल.